दाखल्यात आई कुठेय?

काही घरांत जुनी वर्तमानपत्रं साठतात, काही घरांत प्लॅस्टिकच्या पिशव्या. आमच्या शनिवारच्या ग्रुपमध्ये किस्से साठतात. कोणी मुद्दाम जमवत नाही, पण बसायला गेलं की एखादा पायाखाली येतोच!

आमचा ग्रुप म्हणजे गोरेगाव ईस्टला शांतामावशींच्या हॉलमध्ये, दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता भरणारा बायबल स्टडी. माणसं मोजकी. मी एका डेंटिस्टकडे रिसेप्शनला आहे. दिवसभर माझ्यासमोर लोक तोंड उघडून बसतात आणि एक शब्द बोलत नाहीत. शनिवारी इथे येते तेव्हा त्याची पुरेपूर भरपाई होते.

ग्रुप चालवतात साळवे सर. बोरिवलीला राहतात, आयुष्यभर शाळेत बीजगणित शिकवलं. रिटायर झाल्यावर कुठल्याशा शिबिराला गेले आणि परत आले ते नवीन पद्धत घेऊनच. फोनवर सगळ्यांना म्हणाले, "या शनिवारपासून आपण येशूचे दाखले, म्हणजे त्याने सांगितलेल्या बोधकथा घेणार. इंडक्टिव्ह स्टडी!"

शनिवारी आम्ही पोचलो तर हॉलच्या मधोमध स्टूल, आणि स्टुलावर मावशींची इंडक्शनची शेगडी. पुसून लखलखीत केलेली. वायर लावलेली. बाजूला पातेलं!

सर बघतच राहिले. "मावशी, हे काय?"

"तुम्हीच म्हणालात ना इंडक्शन? मला वाटलं डेमो आहे!"

त्या दिवशी देवाच्या वचनाआधी चहा झाला. इंडक्शनवर.

*

तर सरांची पद्धत अशी. पायऱ्या तीन. पहिली, मजकुरात काय दिसतं? दुसरी, त्याचा अर्थ काय? आणि तिसरी, मग मी त्याचं काय करणार? पहिल्या पायरीवर 'मला वाटतं' म्हणायला सक्त मनाई. सरांचं एकच पालुपद, "आधी बघा, मग बोला!"

पहिला दाखला घेतला उधळ्या मुलाचा. धाकटा मुलगा वाटणी घेऊन घर सोडतो, सगळं उडवतो, हाल हाल होऊन परत येतो. बाप त्याला लांबूनच बघतो, धावत जाऊन गळ्यात पडतो आणि मोठी मेजवानी देतो. सरांनी दोनदा वाचून घेतलं. मग विचारलं, "हं, काय दिसतं?"

कोणी म्हणालं बाप दिसतो, कोणी म्हणालं अंगठी, कोणी म्हणालं रुसलेला मोठा भाऊ. मावशी गप्प. कपाळाला आठ्या. मावशी नगरकडच्या. त्या गप्प बसल्या की समजायचं, काहीतरी शिजतंय.

"सर, मला एक दिसत नाही."

"काय?"

"आई! पोरगं घर सोडून गेलं, तेव्हा आई नाही. आलं, तेव्हा नाही. आई कुठेय?"

सर म्हणाले, "मावशी, मजकुरात आईचा उल्लेख नाही. आपण जे आहे तेच बघायचं."

"असं कसं? अख्खं वासरू कापलं, गावजेवण घातलं. बाप तर दारात पोराच्या गळ्यात पडलेला, थोरला अंगणात रुसलेला. मग शिजवलं कोणी? ती आत स्वयंपाकघरात आहे हो!"

"हे निरीक्षण नाही, मावशी. हा तुम्ही अर्थ लावलात."

मावशींनी पदर खोचला. "अर्थ नाही सर, अनुभव!"

*

ग्रुपमधली सगळ्यात तरुण म्हणजे निशा. ती फिल्मसिटीत सीरियलची कंटिन्युइटी बघते. म्हणजे मागच्या शॉटमध्ये नायिकेची वेणी डाव्या खांद्यावर होती की उजव्या, ते लक्षात ठेवणं हे तिचं पोट भरायचं काम. सरांना तर लॉटरीच लागली! जे आमच्यापैकी कोणाला दिसायचं नाही, ते निशाला बरोबर दिसायचं.

एका शनिवारी दहा कुमारींचा दाखला होता. दहा मुली दिवे घेऊन नवऱ्यामुलाची वाट बघतात. पाच शहाण्या, जादा तेल आणलेल्या. पाच मूर्ख, न आणलेल्या. नवरा उशिरा येतो, तोवर मूर्खांचे दिवे विझायला लागतात. आम्ही सगळे तेलावर तुटून पडलो. तेल म्हणजे काय, तेल कुठून आणायचं, तेल उसनं का दिलं नाही!

निशा म्हणाली, "सर, एक मिनिट. झोपल्या तर दहाही जणी ना? शहाण्यासुद्धा!"

सरांनी परत वाचलं. खरंच की! सगळ्यांनाच डुलकी लागली होती. "वा! याला म्हणतात निरीक्षण! इतकी वर्षं वाचतोय, पण हे माझ्या नजरेतून सुटलं."

तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आवाज आला, "म्हणजे झोपण्यात गुन्हो नाय?"

हे सावंतकाका. मावशींचे शेजारी, मालवणकडचे. पूर्वी गिरणीत होते, मग वॉचमनकी केली, आता निवृत्त. घरात गणपती बसवणारा माणूस, पण दर शनिवारी आमच्यात येऊन बसतात. "घरात एकटो बसान काय करू?" असं त्यांचं म्हणणं. आणि सरांची प्रार्थना सुरू झाली की काकांचे डोळे मिटायचे ते बऱ्याचदा शेवटच्या 'आमेन'लाच उघडायचे.

सर हसून म्हणाले, "नाही काका. दाखल्यात झोपेला दोष दिलेला नाही. तेल महत्त्वाचं."

काकांनी खिशातून डोक्याला लावायच्या तेलाची छोटी बाटली काढून सगळ्यांना दाखवली, परत ठेवली आणि डोळे मिटले.

"मग मी शाण्यांतलो!"

*

मोहरीच्या दाण्याचा दाखला मात्र फार वेळ चालला नाही. एवढासा दाणा, त्याचं केवढं झाड होतं आणि पाखरं येऊन त्याच्या फांद्यांवर बसतात. सरांनी मोहरी मागितली. मावशींनी डब्यातून चिमूटभर आणून सरांच्या तळहातावर ठेवली. सर भारावून बघत होते. "या एवढ्याशा दाण्यात झाड! सांगा, आमच्या घरात आयुष्यभर मोहरी आहे, मग आम्हाला कधीच झाड का दिसलं नाही?"

मावशी म्हणाल्या, "फोडणीत घालतो म्हणून!"

सर म्हणाले, "पुढच्या दाखल्याकडे वळू या."

*

पुढचा दाखला विधवेचा. एका गावात एक न्यायाधीश असतो. देवाला भीत नाही, माणसाला जुमानत नाही. एक विधवा रोज त्याच्या दारात जाते, माझा न्याय करा म्हणते. शेवटी तो वैतागून न्याय करतो, का तर ही बाई आपलं डोकं खाऊन टाकेल!

आता तिसरी पायरी. मी त्याचं काय करणार? सगळ्यांनी साचेबंद उत्तरं दिली. मी रोज प्रार्थना करीन, मी धीर सोडणार नाही, वगैरे. मावशी म्हणाल्या, "विधवा तर मी आहेच. आता न्यायाधीश शोधते."

न्यायाधीश फार लांब नव्हता. बिल्डिंगचे सेक्रेटरी पेडणेकर. लिफ्ट कित्येक महिने बंद होती. 'पार्ट येतोय' असं ऐकून ऐकून लोकांनी विचारणं सोडलं होतं. पण पाचव्या मजल्यावर कांबळेआजी राहायच्या. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून त्यांनी जमीन बघितली नव्हती. सगळं जग बाल्कनीतून. मावशी खालून हाक मारायच्या, आजी वरून हात हलवायच्या.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी पेडणेकर दुधाची पिशवी घ्यायला दार उघडायचे, तर समोर मावशी. "नमस्कार भाऊ. लिफ्ट?"

बस्, एवढंच! भांडण नाही, आवाज चढवणं नाही. पेडणेकर फिरायला निघाले की गेटवर मावशी. "नमस्कार भाऊ. लिफ्ट?" भाजीवाल्यापाशी, "लिफ्ट?" केस कापायला सलूनमध्ये बसले होते, तर आरशात मावशी!

पेडणेकरांनी फिरायची वेळ बदलली. मावशींनीही बदलली. शेवटी एका सकाळी टूलबॉक्स घेऊन माणसं आली आणि दुपारपर्यंत लिफ्ट सुरू. कांबळेआजी खाली आल्या, चप्पल काढून गेटजवळच्या मातीत अनवाणी उभ्या राहिल्या आणि नुसत्या हसत राहिल्या. मावशींना मात्र रडू आवरेना.

त्या शनिवारी पेडणेकर स्वतः मावशींच्या दारात हजर. आम्हाला वाटलं, आता तक्रार करणार. सर उठून उभे राहिले. पेडणेकर हात जोडून म्हणाले, "सर, एक रिक्वेस्ट आहे. पुढच्या आठवड्याचा धडा कुठला, तेवढं मला आधी सांगत जा!"

*

लिफ्ट सुरू झाल्यावर कांबळेआजीही ग्रुपला यायला लागल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी स्पष्ट सांगितलं, "मी जयभीमवाली आहे हो. मी काय तुमची प्रार्थना करणार नाही. ऐकायला येते. आणि मावशीचा चहा चांगला असतो."

सर म्हणाले, "आजी, बघायला या. आमच्याकडे बघण्यालाच जास्त मार्क आहेत."

त्या वेळी पेरणाऱ्याचा दाखला चालू होता. शेतकरी बी पेरतो. काही वाटेवर पडतं, ते पाखरं खातात. काही खडकावर पडतं, उगवतं पण करपून जातं. काही काट्यांत पडून गुदमरतं. आणि काही चांगल्या जमिनीत पडतं, ते भरभरून पीक देतं. सरांच्या डोक्यात आलं, नुसतं वाचायचं कशाला? प्रयोगच करू!

गच्चीवर चार कुंड्या मांडल्या. एकीत ठोकून ठोकून घट्ट केलेली माती, ही वाट. दुसरीत दगड आणि वर जेमतेम मातीचा थर, हा खडक. तिसरीत निशाने कुठूनसं काटेरी झुडूप आणून लावलं. आणि चौथीत आरेतल्या नर्सरीतून आणलेली काळीभोर माती. सगळीकडे मेथी टाकली. सर खुशीत. "आता आपण काही करायचं नाही. निकाल डोळ्यांनी बघायचा!"

ठरल्या दिवशी सगळे गच्चीवर गेलो. आणि सरांचा चेहराच पडला.

काळ्या मातीची कुंडी साफ! एक पान नाही. कबुतरांनी सगळं उकरून खाल्लेलं. आणि दगडाच्या कुंडीत? हिरवीगार, टवटवीत, लुसलुशीत मेथी!

"पण पाखरांनी वाटेवरचं खायचं असतं," सर हताश होऊन म्हणाले.

मावशी म्हणाल्या, "सर, मुंबईच्या कबुतरांनी तो दाखला वाचलेला नाही!"

आम्ही हसून बेजार. पण सर गणिताचे, त्यांना उत्तर हवं होतं. "कबुतरांचं समजलं. पण दगडावर कसं उगवलं? करपायला हवं होतं!"

कांबळेआजी मागे काठी टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी पाणी घालत होते. डॉक्टरनं रोज थोडे जिने चढायला सांगितलंय, मग गच्चीवर येते. सकाळी एक तांब्या, ऊन उतरलं की एक तांब्या. दुपारी साडीचा तुकडा टाकायचे सावलीला."

"अहो आजी, पण प्रयोग होता! आणि घालायचंच होतं तर चांगल्या जमिनीला घालायचं. दगडाला का?"

आजींनी मेथीवरून हळूच हात फिरवला.

"आम्ही काय काळ्या मातीत पडलो होतो, सर? दगडावरच पडलो, न् उगवलो की!"

 सर खाली वाकले, चष्मा वर केला आणि मेथी अगदी जवळून बघत बसले. त्या दिवशी मावशींनी मेथीचे ठेपले केले. दगडावरच्या मेथीचे! सरांनी सगळ्यांच्या आधी हात पुढे केला.

*

एकदा आम्ही सगळे मढला पिकनिकला गेलो. निशाच्या ओळखीच्या रोझीआंटींचं घर आहे तिथे, समोर छान अंगण. दाखला होता राजाच्या घरच्या लग्नाचा. आमंत्रित लोक येतच नाहीत, म्हणून राजा नोकरांना सांगतो, रस्त्यावर जो दिसेल त्याला आणून जेवायला बसवा. लोक येतात. पण एकाच्या अंगावर लग्नाचे कपडे नसतात, म्हणून राजा त्याला बाहेर काढतो.

या दाखल्याने सरांना आठवडाभर छळलं होतं. "रस्त्यावरून उचलून आणलेल्या माणसाकडे लग्नाचे कपडे येतील कुठून? हा अन्याय नाही का?" पोचल्या पोचल्या म्हणाले, "मी जरा एकटा चालून येतो, विचार करतो."

गेले ते गेलेच! बांगडे तळून झाले, सोलकढी झाली, सरांचा पत्ता नाही. फोन उचलत नव्हते. मावशी घाबरल्या. मी आणि निशा शोधायला निघालो.

थोड्या अंतरावर एका बंगल्यात शूटिंग चाललं होतं. निशा म्हणाली, "विचारून तर बघू." आत डोकावलो तर मोठा लग्नाचा सेट. झगमगाट, फुलांच्या माळा, पाहुण्यांची रांग. आणि पुढच्याच ओळीत, डोक्यावर गुलाबी फेटा, गळ्यात मोत्यांच्या माळा, साळवे सर!

झालं होतं असं. सर विचारात गढून बंगल्यासमोरून जात होते. एक असिस्टंट धावत आला. "चाचाजी, किधर थे आप? लाइट जा रहा है!" सर 'अहो, मी' म्हणेपर्यंत त्यांना आत नेलं, जरीचा कोट चढवला, फेटा ठेवला आणि पाहुण्यांत बसवलं. खरा चाचाजी बहुतेक ट्रॅफिकमध्ये अडकला होता.

सुटून परत आले ते अक्षरशः पळतच. चेहरा असा उजळलेला की विचारू नका. "सुटलं! उदाहरण सुटलं! अहो, कपडे दारातच मिळतात! यजमानच देतो! आपल्याजवळचे लागतच नाहीत! मला रस्त्यावरून उचललं, कोण कुठला काही विचारलं नाही, कपडे घातले आणि पंगतीत बसवलं! तो दाखल्यातला माणूस कपडे नसलेला नव्हता, त्याने घातले नाहीत! निदान मला तरी आज असं दिसलं!"

 खरंच भारी सांगितलं होतं सरांनी.

सावंतकाकांनी विचारलं, "ता ऱ्हवांदे. पंगतीत जेवाक काय व्हता?"

सरांचा चेहरा जरा बदलला. "लाडू होते."

"मगे? खाल्लास?"

"प्लास्टरचे होते," सर गालावर हात ठेवून म्हणाले.

सोमवारी सकाळी आमच्या दवाखान्यातला पहिला पेशंट, साळवे सर.

*

आणि हा शेवटचा.

एका शनिवारी आम्ही दोन मुलांचा दाखला घेतला. अगदी छोटा आहे. बाप एका मुलाला म्हणतो, जा, आज मळ्यात काम कर. तो म्हणतो, मी नाही जाणार. पण नंतर मन बदलतं आणि जातो. दुसऱ्याला सांगतो, तो म्हणतो, हो बाबा, आत्ता जातो. आणि जातच नाही. चर्चा छान रंगली. दुसऱ्या मुलावर आम्ही यथेच्छ तोंडसुख घेतलं.

शेवटी प्रार्थनेच्या आधी सर म्हणाले, "एक सांगायचं होतं. बुधवारी माझी अँजिओप्लास्टी आहे, अंधेरीला. घाबरण्यासारखं काही नाही." पण हे सांगताना हातातलं पुस्तक ते उगाचच उघडत होते, मिटत होते. सरांच्या पत्नींना जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी बंगळुरूला, तिचं विमान दुपारी पोचणार होतं.

मावशी म्हणाल्या, "सर, आम्ही आहोत ना! सकाळी सातला तिथे हजर!"

"मीपण येणार," निशा म्हणाली. मी म्हटलं, मी सुट्टी टाकते. कांबळेआजी म्हणाल्या, मला रिक्षात घाला, मीपण येते.

फक्त सावंतकाका खाली बघत बसले होते. मग तुटकपणे म्हणाले, "मी येवचंय नाय. माका त्या हास्पिटलाचो वास सोसणा नाय."

सर लगेच म्हणाले, "अहो काका, काही हरकत नाही." आम्हा सगळ्यांना माहीत होतं. काकी महिनाभर हॉस्पिटलमध्ये होत्या आणि तिथून घरी आल्याच नाहीत. त्यानंतर काकांनी हॉस्पिटलची पायरी चढली नव्हती. सख्खा भाऊ ॲडमिट होता, तेव्हाही गेले नव्हते. 

बुधवारी निशाचं शूटिंग पहाटेपर्यंत लांबलं, तिला तिथून निघताच येईना. कांबळेआजींना सकाळीच ताप भरला. मावशी आणि मी रिक्षाने निघालो, तर हायवेवर टँकर उलटलेला. गाड्या जागच्या हलेनात. मावशी रिक्षातच मोठमोठ्याने प्रार्थना करत होत्या, रिक्षावालापण मध्ये मध्ये 'आमेन' म्हणत होता. फोन करावा तर सरांचा फोन बंद.

आम्ही धापा टाकत वर पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. सिस्टर म्हणाली, "पेशंट छान आहे. एकेकाने जा. एक जण आत आहेतच. ते सकाळपासून इथेच आहेत. पेशंटला आत नेईपर्यंत त्यांचा हात सोडायलाच तयार नव्हते."

आम्ही दाराच्या काचेतून बघितलं. सर पलंगावर, चेहरा थकलेला पण हसरा. आणि शेजारच्या खुर्चीत सावंतकाका. नाकाला घट्ट रुमाल बांधलेला, कपाळावर घाम, आणि एक हात सरांच्या हातात.

मावशींना राहवलं नाही. दार ढकलून त्या अर्ध्या आत शिरल्या. "अहो काका! तुम्ही तर नाही म्हणाला होतात!"

काकांनी रुमाल जरासा खाली केला, खुर्ची पलंगाच्या आणखी जवळ ओढली आणि वैतागून म्हणाले,

"मगे? अजूनय नायच म्हणतंय!"